नातेवाइकांची रांग

"हसा," ती म्हणाली.

तो हसला. म्हणजे ओठ ताणले, पण मोडका दात मात्र कसाबसा झाकून घेतला.

"असं नाही. लाजायचं ते नंतर. आत्ता दात दाखवा."

दंतवैद्याच्या दवाखान्यात खिडकीपाशी तो खुर्चीत अवघडून बसला होता, आणि दातांच्या रंगांच्या नमुन्यांची पट्टी हातात घेऊन ती त्याच्यावर वाकली होती. बाहेर आभाळ भरून आलं होतं. दाताचा खरा रंग असल्या ढगाळ उजेडातच कळतो, दिव्याखाली नुसती फसगत होते, म्हणून डॉक्टरांनी तिला लॅबमधून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ती दात बनवायची. कवळ्या, दातांवर बसवायच्या टोप्या, सुटे दात, ज्याला जे हवं ते. लॅबमध्ये तिला सगळे चिमटी म्हणत. हात नाजूक म्हणून असेल, किंवा बोलणं टोचायचं म्हणून.

तिनं त्याच्या ओठापाशी एक नमुना धरला, मान तिरकी केली, तो काढून दुसरा धरला. एरवी माणसं या वेळी डोळे मिटून घेतात. हा टक लावून तिच्याकडेच बघत होता... आणि तिला उगाचच आपले केस विस्कटलेत असं वाटलं.

"कशानं मोडला?"

"कोर्टाच्या पायऱ्यांवर पडलो. फायली फार होत्या, डोळे दोनच."

"कोर्टात काय काम असतं?"

"वकील आहे मी."

तिचा हात थांबला. हसू मावळलं. वकील म्हटलं की तिच्या कपाळावर आठी पडायची, आणि त्याला कारण होतं. बाबांच्या पहिल्या वकिलानं घरात होतं नव्हतं ते नेलं आणि नंतर तारखेलाही तोंड दाखवलं नाही. हे ती कधी कुणाला सांगत नसे. पण तोंड उघडं धरलेल्या माणसाला मध्ये बोलता येत नाही, हा केवढा मोठा फायदा! एकेक नमुना लावून बघताना तिनं त्याला सगळं सांगून टाकलं.

तिचे बाबा एका गोदामाचे रखवालदार होते. मालकाचा हुकूम होता, कामगार आत झोपले की बाहेरून कुलूप लावायचं, माल चोरीला जातो. बाबांनी लावलं. गोदामाला आग लागली तेव्हा ते किल्ली घेऊन धावले, धुरात शिरले, पण कुलूप उघडेपर्यंत आतली माणसं संपली होती. मालकानं हात वर केले. कुलूप लावणारा हात बाबांचा होता, म्हणून शिक्षाही बाबांना झाली. त्या धुरानं त्यांची फुप्फुसं कायमची गेली होती. आता ते तुरुंगात दिवस काढत होते, आणि त्यांचं मागणं एकच होतं, मरण घरी यावं.

"झालं," ती म्हणाली. "मिटा तोंड."

त्यानं मिटलं, आणि लगेच उघडलं. आमच्या ऑफिसात या, तो म्हणाला. त्यांच्या फर्ममध्ये प्रत्येक वकिलानं गरजू माणसाची एक तरी केस बिनपैशानं लढायचीच, असा दंडक होता. त्यानं अजून घेतली नव्हती, आणि मोठ्या मॅडम रोज विचारून त्याला भंडावत होत्या.

"म्हणजे मी तुमचा राहिलेला गृहपाठ?"

"तुम्ही नाही... तुमची केस," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. तो रंग मात्र तिच्या पट्टीवर नव्हता.

*

ती जाणार नव्हती. पण बाबांना भेटून आल्यावर तिचे पाय आपोआप तिकडे वळले.

फर्ममध्ये बसायला एकच खोली होती. तिथे कोटातले कारखानदारही बसत आणि झिजल्या चपलांची माणसंही. सगळ्यांना एकाच किटलीतला चहा, एकसारख्या कपांतून. कुणाची केस फुकट आणि कुणाची नाही हे ती चालवणारा वकील, मोठ्या मॅडम आणि हिशेब ठेवणारे काका सोडले तर कुणाला कळू द्यायचं नाही, ही तिथली रीत. मॅडम म्हातारपणानं वाकल्या होत्या, पण आवाज खणखणीत होता. फी नाही म्हणून घाई करायची नाही, आणि एकदा हात धरला की शेवटपर्यंत सोडायचा नाही, एवढं त्यांनी चिमटीला पहिल्याच दिवशी सांगितलं. मग त्याच्याकडे वळून आणखी एक गोष्ट सांगितली. वकीलपत्रावर तुझं नाव आहे तोवर ही तुझी अशील. चहा ऑफिसातला, बोलणं केसचं. मॅडमना हे मुद्दाम सांगावंसं का वाटलं, ते त्यांनाच ठाऊक. त्या दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं, हे मात्र खरं.

तुरुंगाला दोन दारं होती. वकिलांचं वेगळं होतं. आत टेबल, दोन खुर्च्या आणि समोर कैदी, हात लांब केला तर लागेल इतका जवळ. नातेवाइकांनी मात्र रांग लावायची, आणि मग जाड काचेपलीकडच्या माणसाशी फोनवर बोलायचं. म्हणजे जन्मदात्या बापापासून मुलगी काचेइतकी लांब, आणि परका वकील त्यांच्या श्वासाच्या अंतरावर. तिला त्याचा पहिल्यांदा हेवा वाटला. नंतर ती त्यालाच विचारू लागली.

"जवळून कसे दिसतात?"

पहिल्यांदा तो गडबडला. तब्येत बरी नाही म्हणाला, हे म्हणाले, ते म्हणाले. तिनं त्याला झापलं. असं कोर्टाला सांगा, मला नको. मग तो बघायला शिकला. पुढच्या खेपेला त्यानं सांगितलं, नखं कापलेली होती, शर्टाचं वरचं बटण तुटलंय, डाव्या कानामागे तीळ आहे. तीळ ऐकून तिचे डोळे भरून आले. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसल्यावर तो तीळ ती बोटानं दाबायची. त्यानं चहाचा कप तिच्याकडे सरकवला. त्या दिवसापासून ती भेटीच्या संध्याकाळी त्याची वाट बघू लागली, आणि आपण बाबांची बातमी ऐकायला थांबलोय असं स्वतःला बजावू लागली.

"या, फुकटे वकील," ती म्हणायची.

"फुकटे काय? माझा दात तुम्ही दिलात. पुढचाच आहे. प्रत्येक युक्तिवादात तुमचा वाटा."

"मग हरलात तर दात परत घेईन."

असं हसणं-खिदळणं चालायचं, पण जिना उतरताना तिचं हसू ओसरायचं.

एका भेटीनंतर खूप खोदून विचारल्यावर तो म्हणाला, बाबांचे दात गेलेत. आजारपणात हिरड्या सुटल्या आणि वरचे, खालचे, होते नव्हते ते सगळे पडले. ताटातला पाव ते पाण्यात बुडवून गिळतात, बाकीचं तसंच परत जातं. काचेतून बोलताना बाबा फोन तोंडावर घट्ट धरायचे, ते का, हे चिमटीला आत्ता कळलं. आख्ख्या गावाला दात बनवून देते मी, ती म्हणाली, आणि माझा बाप पाव भिजवून गिळतो. मग तिला रडू आवरेना.

त्यानं तिथल्या तिथे ठरवलं. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांकडे अर्ज केला, खेटे घातले, डॉक्टरांना हातापाया पडून आत नेलं, बाबांच्या हिरड्यांचं माप घेववलं. कवळी चिमटीनं बनवली. मेणात एकेक दात बसवताना तिला आठवलं, बाबांचा वरचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला होता. तो तिनं तसाच चढवला. वकील लॅबच्या दारात उभा राहून बघत होता. अशिलाचं काम बघायला आलोय म्हणाला, नियमात बसतं.

"वाकडा बसला तो," टेबलापाशी येऊन त्यानं दाखवलं.

"वाकडाच हवा. सरळ बसवला तर ते बाबा नाही वाटणार." तिनं वर बघितलं. "तुमचाही थोडा वाकडा ठेवायला हवा होता. फारच शहाणे दिसता."

तिच्या हाताला मेण लागलं होतं. त्याचा हात टेबलावर तिच्या हातापाशी आला, क्षणभर तिथेच थांबला... आणि त्यानं तो खिशात घातला. मॅडमचा दंडक खोलीत नसूनही होता.

कवळीची डबी आत तोच घेऊन गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. बाबांनी पाव कोरडा खाल्ला, म्हणाला. चावून चावून, सावकाश, डोळे मिटून. पुढच्या भेटीत काचेपलीकडे बाबा हसले आणि चढलेला दात दिसला. चिमटीनं काचेला कपाळ टेकलं. त्या महिन्यात ती लॅबमध्ये गाणं गुणगुणत होती, आणि तिचं बोलणंही कुणाला टोचलं नाही.

*

आजारी कैद्याला शिक्षेतून सोडायचं की नाही, हे ठरवायला डॉक्टरांचं मंडळ असतं. मंडळ बाबांना तपासून गेलं आणि त्यानं केलेला सुटकेचा अर्ज नामंजूर झाला.

निकाल त्यानं मॅडमच्या केबिनमध्ये वाचून दाखवला. रुग्णाचं वजन वाढलं आहे. अन्न नीट घेतो. आधाराशिवाय चालतो. प्रकृतीत सुधारणा आहे, तुरुंगात राहण्यास हरकत नाही. चिमटीला आधी समजलंच नाही. मग समजलं.

खंगलेला माणूस घरी जातो, जेवणारा आत राहतो. आणि बाबांना जेवायला लावलं होतं त्या दोघांनी. दुसरं कुणी ही चूक केलीच नसती. एक दात बनवणारी आणि एक तिच्यासाठी जीव टाकणारा वकील, त्यांनीच ती करावी आणि वर महिनाभर आनंदात असावं!

"मला सुचायला हवं होतं," तो म्हणाला. "अर्जात मी लिहितोय माणूस खाऊ शकत नाही, आणि त्याच हातानं कवळी नेऊन देतोय. माझं काम होतं ते सुचणं."

मॅडम त्याला काही बोलल्या नाहीत. वरच्या कोर्टात जाऊ, म्हणाल्या. वजन सोडा, फुप्फुसांवर लढू. वेळ लागेल. किती, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तेवढा वेळ बाबांकडे आहे का, हे कुणी विचारलं नाही.

पुढच्या भेटीत काचेपलीकडे बाबांचे गाल बसलेले होते. फोन पुन्हा तोंडावर घट्ट धरलेला.

"दात कुठायत, बाबा?"

"खिशात आहेत. रुमालात." ते हळू आवाजात बोलत होते, शब्द हिरड्यांतून निसटत होते. "काही महिन्यांनी परत तपासणार आहेत म्हणे. तोवर वजनानं उतरतो मी. मग सोडतील. तू कुणाला बोलू नकोस."

"उपाशी मराल."

"घरी मरेन," ते म्हणाले. अगदी शांतपणे म्हणाले, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसे.

ती थेट त्याच्याकडे गेली. सगळं सांगितलं. त्यांना सांगा जेवायला, माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. तो खिडकीपाशी उभा राहिला.

"काहीतरी बोला ना."

"मला बोलता येत नाही," तो म्हणाला. "त्यांना घरी जायचंय, आणि मी त्यांचा वकील आहे. जेवा म्हणालो तर त्यांच्याच अर्जाच्या मुळावर उठतो. जेवू नका म्हणालो तर... ते मी म्हणणार नाही. कधीच नाही."

"म्हणजे गप्प बसणार."

चिमटी उठली. वकील शेवटी वकीलच, ती दारातून म्हणाली, आणि मागे न बघता जिना उतरली. घरी येऊन खूप रडली. बाबांसाठी रडत होती की त्याच्यासाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

आठवड्यानं मॅडमनी बोलावलं. केस आता त्या स्वतः चालवणार होत्या. त्यानं वकीलपत्रातून नाव काढून घेतलं होतं.

चिमटीनं त्याला बोल लावला होता, हे खरं. पण तो इतक्या पटकन अंग काढून घेईल असं तिला वाटलं नव्हतं. हरली म्हणून सोडली, नाही का, तिनं विचारलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला. पोरी, इथे कुणी हरली म्हणून केस सोडत नाही, त्या म्हणाल्या. त्यानं का सोडली ते मला माहीत आहे. पण ते त्याच्या तोंडून ऐक.

*

भेटीच्या दिवशी पाऊस होता. बारीक, चिकट, कंटाळवाणा. तुरुंगाच्या भिंतीला लागून नातेवाइकांची रांग उभी होती, छत्र्या एकमेकींत अडकत होत्या. रांगेत तो होता.

काळा कोट नव्हता, फाईल नव्हती. साधा शर्ट खांद्यावर भिजला होता. वकिलांचं दार चार पावलांवर मोकळं होतं, आणि हा इथे चिखलात. चिमटी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि समोर बघत राहिली.

"दार चुकलात," ती म्हणाली.

"नाही. ते दार आता माझं नाही."

"सोडलीत ना केस?"

"सोडली. वकील असताना दोन गोष्टी बोलता येत नव्हत्या." त्यानं ओला चेहरा बाहीनं पुसला. "एक तुमच्या बाबांना सांगायचीय. एक तुम्हाला."

तिचा राग एवढा पक्का होता, तो कुठल्या कुठे गेला. तिनं छत्री थोडी त्याच्या बाजूला धरली, तो भिजतोय म्हणून, दुसरं काही नाही.

"आधी माझी सांगा."

"इथे? रांगेत?"

"मग काय, मॅडमच्या केबिनमध्ये?"

तो हसला, आणि मग हसू गेलं. "मला वाटलं होतं," तो थांबत थांबत म्हणाला, "तुम्ही खिडकीपाशी हसा म्हणालात ना... त्या दिवसापासून मी..."

"पुढे," शिपाई ओरडला. रांग सरकली आणि ते एकदम दारापाशी आले. शिपायानं तिच्याकडे बघितलं, मान हलवली, ओळखीची होती ती. मग त्याच्याकडे बघितलं.

"आत फक्त नात्यातली माणसं. हे कोण?"

तो मागे सरकला. आपल्याला आत सोडणार नाहीत हे त्याला माहीत होतं, तो इतकंच म्हणायला आला होता की तुम्ही बाबांना माझा निरोप द्या. पण चिमटीनं त्याची बाही धरली.

"जावई," ती म्हणाली.

शिपायानं दोघांना खालून वरून न्याहाळलं. "झालेत, का व्हायचेत?"

"ठरलंय."

"कधी?"

"आत्ताच," ती म्हणाली. शिपायानं हसू दाबलं आणि दार उघडलं. तो मात्र तिथेच खिळून राहिला होता, तिला त्याला ओढूनच आत न्यावं लागलं.

"मी अजून वाक्य पुरं केलं नव्हतं," तो कुजबुजला.

"तुझं वाक्य कधी पुरं होणार? वकील आहेस तू."

काचेपलीकडे बाबा येऊन बसले. आणखी वाळले होते, गळ्याच्या शिरा दिसत होत्या. त्यांनी मुलीकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग त्याच्या बाहीवरच्या तिच्या हाताकडे. फोन एकच होता. चिमटीनं तो त्याच्या हातात दिला आणि स्वतः कान लावून उभी राहिली.

"वकीलसाहेब, आज या बाजूला?"

"मी तुमचा वकील नाही आता," तो म्हणाला. "तुमच्या मुलीचा माणूस म्हणून आलोय. म्हणून सांगतो. दात घाला, बाबा. जेवा."

बाबांच्या भुवया आक्रसल्या. "जेवलो तर घरी येणं नाही."

"कदाचित नाही. मोठ्या मॅडम लढतायत, फुप्फुसांवर. पण तोवर..." तो काचेजवळ सरकला. "मी खोटं बोलणार नाही. कदाचित नाहीच. पण तुम्ही उपाशी राहून घरी आलात, तर ही दार उघडेल आणि तुम्हाला ओळखणार नाही. ते तिच्या डोळ्यांसमोर आयुष्यभर राहील. मी ते तिला बघू देणार नाही."

मागे भिंतीवर घड्याळ होतं, बाबांनी वळून त्याच्याकडे एकदा बघितलं. घराचं स्वप्न त्यांनी त्या वेळी सोडलं असावं, चिमटीला ते चेहऱ्यावर दिसलं, आणि आपणच ते सोडायला लावतोय हेही दिसलं. तिला वाटलं ओरडून सांगावं, नका घालू, या घरी, कसेही या. तिनं ओठ दाताखाली धरला.

बाबांनी खिशातून रुमाल काढला. चारचौघांत कवळी घालताना माणूस तोंड फिरवतो, तसं त्यांनी खुर्चीत वळून काचेकडे पाठ केली. खांदे थोडे हलले. ते फक्त दात बसवत नव्हते, हे दोघांनाही समजलं. मग ते परत वळले, डोळे पुसले, फोन कानाला लावला.

"बोला, जावईबापू," ते म्हणाले. "वेळ फार नाही."